नेट किती वाजता गेलं

आमच्या जिन्याखाली भिंतीला एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात आता काही नाही. एक कापलेली वायर, पालीची दोन अंडी आणि खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा पिवळा कागद. प्रत्येक घराला आपापलं नेट आल्यापासून त्या पेटीकडं कुणी बघत नाही. मी बघते. जाता बघते, येता बघते. आणि दुपारी एक ते अडीचच्या मधे घरी असले तर जिन्यात पाऊल टाकायचं टाळते. नवरा म्हणतो, इतकी वर्षं झाली, सोड आता.

तेव्हा शहराचं नाव जुनंच होतं. पुंडलिकनगरातली आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, सहा घरांची. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नावापुरता पडून गेलेला. बोअरमधून आधी गढूळ पाणी आलं, मग हवा आली, मग तीही बंद झाली. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. बाकी सगळा भार चौथ्या दिवशी येणाऱ्या टँकरवर. आणि पडेगावकडं जावं तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या स्कीमच्या पाट्या, पाट्यांवर निळेशार पोहण्याचे तलाव. हसावं का रडावं कळायचं नाही.

टँकरचं पाणी वाटायचं काम माझ्याकडं होतं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. पहिल्याच टँकरला दोन घरांची पाइपावरून अशी जुंपली की अर्धं पाणी गटारात गेलं. ते वाहणारं पाणी बघून माझं डोकं सटकलं. मी पाइप हिसकावून घेतला, तो पुढं दोन वर्षं सोडला नाही. घरटी दोन निळी टिपाडं. प्रत्येक टिपाडाच्या काठाखाली चार बोटांवर मी लाल नेलपॉलिशनं रेघ मारली होती. रेघेपर्यंत पाणी, मग पुढचा नंबर. घरात एक माणूस असो का सात. आणि एक नियम जिन्यात कागदावर लिहून चिकटवलेला: ज्याचं टिपाड किंवा नळ वाहता सापडेल त्याची पुढची बारी गेली.

कारण विचारायचं नाही आणि ऐकायचं नाही, हे मात्र कागदावर नव्हतं, ते माझं स्वतःचं होतं. कारण प्रत्येकाकडं असतं. कुणाकडं पाहुणे, कुणाकडं बाळंतीण, कुणाचा आज उपास तर कुणाचं उद्या श्राद्ध. एकदा कारण ऐकलं की हात सैल पडतो आणि माप हलतं. तोंडावर मला सगळे कडक म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे तेही मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच होता.

तळमजल्यावर काकू राहायच्या. यजमान कचेरीत कारकून होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. एकटीला दोन टिपाडं लागत नाहीत म्हणून त्यांनी एकदा अर्धं टिपाड वरच्या बाळंतिणीला देऊन टाकलं. ते कळल्यावर मी त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, काकू, आज तुम्ही दिलं, उद्या ती दुसऱ्याकडं मागेल, आणि मग मी रेघ कशाला मारली? काकू म्हणाल्या, चुकलंच माझं. पुढं त्या देत राहिल्या, फक्त मला दिसणार नाही अशा बेतानं.

नेटचं कामही असंच माझ्याकडं आलं. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, त्यामुळं वायरीतलं सगळं मला कळतं असा बिल्डिंगचा समज होता. आम्ही सहा घरांनी मिळून एकच नेट घेतलं होतं. खांबावरून एक वायर यायची, जिन्याखालच्या पेटीतल्या राऊटरमध्ये शिरायची आणि तिथून घराघरांत जायची. येणारं नेट आधीच बेताचं. त्यात एका घरानं सिनेमा लावला की बाकीच्या पाच घरांच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत बसायचं. दुसऱ्या मजल्यावरचे एक साहेब कंपनीचं काम घरून करायचे. दिवसभर त्यांचं चालायचं, ‘आवाज येतोय का माझा? आवाज येतोय का?’ आम्हाला सगळ्यांना येत होता. ज्यांना जायला पाहिजे त्यांनाच जात नव्हता.

मी राऊटरचं सेटिंग उघडलं आणि टिपाडावर मारली तशी रेघ तिथंही मारली. सहा घरं, सहा सारखे वाटे. कुणी कितीही ओढलं तरी आपल्या रेघेच्या वर जायचं नाही. पंधरा दिवस सगळे खूश.

पाणी साठवता येतं, नेट साठवता येत नाही. ज्या क्षणी कुणी वापरलं नाही त्या क्षणी ते गेलं. ते वाचवून कुणाच्या पदरात पडत नाही. त्यामुळं नेट वाटायचं असेल तर कोण किती वेळ वापरतो ते बघायचं नसतं, गर्दीच्या वेळी कुणाची नड मोठी आहे ते बघायचं असतं. हे मी क्लासमध्ये मुलांना शिकवत होते. जिन्याखालच्या पेटीसमोर उभी राहिले की मात्र मी टँकरवालीच व्हायचे. दुष्काळानं माझे डोळे तसे करून टाकले होते. वाहताना काही दिसलं की ते बंद करायचं, एवढंच त्यांना कळायचं.

साहेबांची तक्रार परत आली. दुपारी त्यांचं चित्र अडकतंय म्हणे. मी सेटिंगमध्ये गेले, कुठल्या घरातला कुठला फोन किती ओढतोय त्याची यादी काढली. आणि मला काकूंचा फोन दिसला. सकाळी दहाच्या सुमाराला सुरू व्हायचा तो संध्याकाळी पाचपर्यंत थांबायचा नाही. रेघेच्या खालीच होता, पण अखंड. दुसऱ्या दिवशी बघितलं, तेच. तिसऱ्या दिवशी, तेच. करंगळीएवढी धार, पण दिवसभर.

माझं डोकं तिथंच फिरलं. काकूंनी कुठलं तरी कीर्तन लावून ठेवलेलं असणार आणि बंद करता येत नसणार, किंवा बंद करायचं सुचत नसणार. बाई एकटी, तिला घरात आवाज लागत असेल, पण म्हणून सगळ्या बिल्डिंगचा नळ उघडा ठेवायचा का? क्लासला जाताना त्यांच्या दारावरून गेले तर दार उघडंच होतं. काकू जमिनीवर बसून तुरीची डाळ निवडत होत्या. समोर पाटावर तांब्या, तांब्याला टेकवलेला फोन. पडद्यावर पांढरं काहीतरी दिसलं. आवाज कसलाही नव्हता. म्हणजे कीर्तनही नाही, नुसताच चालू. माझा संशय पक्का झाला. दारात उभं राहून एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? पण विचारलं की कारण ऐकावं लागतं.

त्या संध्याकाळी मी काकूंच्या फोनला दिवसाचे तीन तास ठरवून दिले. तीन तास झाले की राऊटर त्या फोनचं नेट आपोआप बंद करणार, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. वाहत्या नळाची बारी गेली, तसंच. मी कुणाला काही बोलले नाही. नियम जिन्यात लावलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. पाणी वाटून, ओल्या साडीनंच दोन घास खाऊन मी क्लासला गेले. पाचनंतर परत आले तर फाटकासमोर एक जीप उभी होती आणि काकू तिच्यात चढत होत्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं, पण त्यांना मी दिसले असेन असं वाटत नाही. गल्लीच्या कडेनं कुणीतरी पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ मारून ठेवली होती, नव्या पाइपलाइनसाठी. जीप त्या रेघेवरून गेली आणि मातीत चाकाचा ठसा राहिला.

वर आल्यावर नवऱ्यानं सांगितलं. काकूंची थोरली बहीण वैजापूरला असायची. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली, दोन वर्षं झाली होती. भाचा मार्केट यार्डात कामाला, सून शाळेत. बारा वाजता एक बाई येऊन जेवण भरवून जायची. बाकी दिवसभर म्हातारी एकटी. म्हणून भाच्यानं एक जुना फोन पलंगाशेजारच्या खिडकीच्या गजाला बांधून दिला होता. काकू सकाळी पूजा झाली की इकडून फोन लावायच्या आणि भाचा घरी येईपर्यंत चालू ठेवायच्या. बोलायच्या नाहीत. डाळ निवडायच्या, वाती वळायच्या, जेवायच्या, आणि ती तिकडून बघत असायची. वाचा जायच्या आधी तिनं धाकटीकडून एवढंच वचन घेतलं होतं, की मला एकटीला जाऊ देऊ नकोस, माझ्या डोळ्यांसमोर राहा.

आज दुपारी ती गेली. भाचा साडेचारला घरी आला तेव्हा गेलेली होती.

“तुला माहीत नव्हतं?” नवरा म्हणाला. “अगं, सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.”

माहीत नव्हतं, कारण मला कुणी कधी काही सांगत नसे. मीच तशी सोय करून ठेवली होती. त्यानं पुढं सांगितलं, की काकू दुपारी दोनदा वर येऊन आमचं दार वाजवून गेल्या. त्यांच्या सिममध्ये नेट नव्हतं, होतं ते बिल्डिंगचं. साध्या फोनवर भाच्याला लावत होत्या, तर त्याचा लिलाव चाललेला, त्यानं उचलला नाही.

मी खाली गेले. दिवेलागणीची वेळ होती, जिन्यात कुणाच्या तरी घरातली उदबत्ती येत होती. पेटी उघडली. राऊटर आपला लुकलुकत होता. त्याच्या पोटात एक ओळ लिहिलेली असणार हे मला माहीत होतं: अमुक फोन, अमुक वाजता बंद केला. उद्या कुणी विचारलं, साहेबांनी सहज सेटिंग उघडून बघितलं, तर ती ओळ माझं नाव सांगेल एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी पदराची सेफ्टी पिन काढली आणि राऊटरच्या मागच्या रीसेटच्या बारक्या भोकात दाबून धरली. दहा आकडे मोजले. सगळे दिवे एकदम गेले, मग एक एक करून आले. नियम गेला, रेघा गेल्या, ती ओळही गेली. मी ती वाचली नव्हती.

काकू तेरावं करून आल्या. येऊन दोन दिवस झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी दारातच उभी राहिले. त्या म्हणाल्या, बस गं. मी बसले नाही.

“पोरी, तुला यातलं कळतं म्हणून विचारते. त्या दिवशी नेट गेलं होतं का, का माझ्याच हातून फोन बंद झाला?”

मी म्हटलं, नेट गेलं होतं. तोवर गल्लीत कमरेएवढा चर खणून झाला होता, मजूर बायका टोपल्या उचलत होत्या. समोर दिसलं ते मी बोलले. खोदकामात तळमजल्याची वायर तुटली होती काकू, संध्याकाळी मी जोडून घेतली.

त्यांनी मान हलवली, पण त्यांचं झालं नव्हतं. हळूहळू बोलल्या. त्या दिवशी टँकरमुळं पूजेला उशीर झाला, फोनही उशिरानं लावला. मग जेवल्या, ताट उचललं, हात धुतला आणि जरा लवंडल्या. डोळा लागला. जाग आली तेव्हा पडदा काळा होता. लवंडताना फोनकडं बघितलं होतं का, तेच त्यांना आठवत नव्हतं. बहीण बघतेय असं चित्र डोळ्यांसमोर होतं, पण ते त्या दिवसाचं का आदल्या दिवसाचं, सांगता येत नव्हतं. रोज तसंच दिसायचं.

“नेट आधीच गेलेलं असलं तर काय इलाज. पण ती समोर असताना मी झोपले असेन, आणि ती माझ्याकडं बघत गेली असेल, तर...” त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. “मी झोपायच्या आधी गेलं का गं नेट, का नंतर?”

“आधी,” मी म्हटलं. “तुम्ही झोपायच्या आधीच गेलं काकू.”

त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले कुणास ठाऊक. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून काकू चरावरच्या बायकांना पाणी देऊ लागल्या. दुपारच्या उन्हात फाटकाशी कळशी नेऊन ठेवायच्या, तांब्यानं ओंजळीत ओतायच्या. चौथ्या दिवसाच्या आत त्यांचं एक टिपाड तळाला जायचं. मला ते दिसत होतं. पूर्वीची मी असते तर तिथल्या तिथं सुनावलं असतं. तरी एकदा न राहवून म्हटलं, काकू, तुम्हाला पुरायचं नाही. त्या म्हणाल्या, “पुरतं गं. या बायकांचे लई उपकार आहेत माझ्यावर. त्यांच्या कुदळीनं ती वायर तुटली नसती, तर मी झोपले तेव्हा ती समोर असती. त्यांच्यामुळं मी सुटले.”

हे त्या इतक्या सरळपणे म्हणाल्या की मला जेवण गेलं नाही. माझं खोटं त्या रोज तांब्यानं ओतत होत्या, आणि ते पाणी मीच त्यांच्या टिपाडात मोजून भरत होते.

असं किती दिवस चाललं असतं माहीत नाही. टँकरचा दिवस होता. पाइप माझ्या हातात, साहेबांचं टिपाड भरत होतं. काकू फाटकाशी एका मजूर बाईला पाणी देत होत्या. दोघींची आता ओळख झाली होती. काकू तिला सांगत होत्या, की बहीण गेली त्या वद्य दशमीला तुमच्या हातून वायर तुटली ती देवानंच तोडली म्हणायची. वायर तुटल्याचं खापर आपल्यावर फुटणार आणि मुकादम हजेरी कापणार असं बाईला वाटलं असावं. ती ओंजळ सोडून उभी राहिली.

“नाय वो मावशी, आमी कुटं तोडली? दशमीला आमी गावाकडंच होतो की. अमुशा करून निघालो आमी. इथं कुदळच त्याच्यानंतर लागली.”

मी घड्याळावर आणि तारखेवर जगणारी बाई. दशमी आणि अमावास्या यांच्यात माझं खोटं सापडेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या संध्याकाळी जीप गेली तेव्हा गल्लीत नुसती फक्कीची रेघ होती, हेही मला तेव्हाच आठवलं. काकूंनी वळून माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. साहेब म्हणाले, अहो वहिनी, तेव्हा मी खाली बघितलं. टिपाड रेघेवरून, काठावरून भळाभळा वाहत होतं आणि पाणी माझ्या पायांवरून गटाराकडं चाललं होतं. कुणीच नियमाची आठवण काढली नाही.

पाइप तिथंच टाकून मी काकूंच्या मागं त्यांच्या घरात गेले. यावेळी बसले. पाटावर तांब्या होता, तांब्याला फोन टेकवलेला, आणि फोन चालू होता. पडद्यावर पांढरं दिसत होतं. उशी होती ती. रिकाम्या पलंगावरची अभ्रा बदललेली उशी आणि चादरीची कड. भाच्यानं गजाला बांधलेला फोन सोडला नव्हता. काकूंनीच त्याला असू दे म्हणून सांगितलं होतं, आणि सकाळी पूजा झाली की त्या अजूनही फोन लावत होत्या. त्या दिवशी दारातून मला जे पांढरं दिसलं होतं ते हेच होतं. तेव्हा त्यावर डोकं होतं, मी थांबून बघितलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. साहेबांची तक्रार, यादी, तीन तास. मला वाटलं तुम्ही नळ उघडा टाकलाय, म्हणाले. रडत होते की नाही आठवत नाही. काकू ऐकत होत्या, फोनकडं बघत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्या रागावतील, जा म्हणतील, या सगळ्याची मी तयारी केली होती. त्यांनी एवढंच विचारलं,

“मग बंद किती वाजता झालं?”

मग त्याच पुढं म्हणाल्या,

“तुझ्याकडं लिहिलेलं असतं ना सगळं. वेळ सांग. मी कधी लवंडले ते मी आठवून बघते.”

“पुसलं काकू,” मी म्हटलं. “मी भ्यायले. न वाचताच पुसलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी नंतर कुणाच्याही चेहऱ्यावर बघितलं नाही, आणि बघायला लागू नये. राग असता तर मी झेलला असता. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“म्हणजे तुला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “माहीत नसताना तू मला आधी म्हणून सांगितलंस.”

त्यानंतर मी तो हिशोब किती वेळा मांडला त्याला गणती नाही. टँकरची वही माझ्याकडं होती. त्या दिवशी काकूंचा नंबर चौथा. टँकर नऊला आला असेल तर त्या पावणेदहाला मोकळ्या झाल्या, साडेनऊला आला असेल तर सव्वादहाला. आंघोळ, पूजा, मग फोन, त्यावर तीन तास. कधी उत्तर दीड यायचं, कधी सव्वादोन. एकदा मी घड्याळ लावून स्वतः पूजा करून बघितली. एरवी देवाला उभ्या उभ्या हळद-कुंकू वाहणारी मी. काकू किती वाजता जेवल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं एक टोक धरलं तर दुसरं सुटायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत. हातात काही उरायचं नाही.

राऊटरवर मी परत रेघा मारल्या, पण तळमजल्याला मारली नाही. साहेबांनी विचारलं, काकूंनाच मोकळं का? मी माझ्या घराचा वाटा साहेबांना देऊन टाकला आणि म्हटलं, आता तुमचं चित्र अडकणार नाही. रोज सकाळी दहाच्या सुमाराला यादीत काकूंचा फोन उजळायचा आणि पाचपर्यंत करंगळीएवढी धार चालू राहायची. रिकामी खोली तिकडून इकडं येत होती, दिवसभर. मी क्लासमध्ये असले तरी ती मला कळायची. मुलांना काही शिकवत असायचे आणि मधेच वाटायचं, आता बारा वाजले, आता ती भरवणारी बाई आली असती.

काकू माझ्याशी पहिल्यासारख्याच वागत राहिल्या. टँकरला नंबर लावायच्या, संक्रांतीला वाण द्यायच्या. पण मला काही विचारायचं त्यांनी बंद केलं. इतक्या वर्षांत फोन अडला, टीव्ही बिघडला, तरी त्या दुसऱ्या मजल्यावर साहेबांकडं जायच्या, गुडघे धरत, माझ्या दारावरून.

मग कधी तरी पाऊस झाला, टँकर बंद झाला, टिपाडांत लोकांनी कढीपत्ता लावला. घरोघर नेट आलं आणि पेटीचं काम संपलं. वैजापूरच्या भाच्यानं घर नव्यानं बांधायला काढलं, तेव्हा तो फोन गजावरून सुटला. त्या दिवसापासून काकू दुपारी नुसत्याच बसून असतात. आता त्यांना बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत. भाचा येऊन-जाऊन असतो, जेवणाचा डबा आमच्याकडून जातो.

गेल्या उन्हाळ्यात मी डबा घेऊन गेले तर त्या दाराकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मला नावानं हाक मारली. फार वर्षांनी.

“ते एकदा परत सांग गं,” म्हणाल्या.

“काय काकू?”

“आधी का नंतर ते.”

मी डबा खाली ठेवला. म्हटलं, काकू, मला माहीत नाही. मी पुसलं होतं.

“ठाऊक आहे मला, तुला माहीत नाही ते,” त्या म्हणाल्या. त्या घटकेला त्यांची नजर अगदी स्वच्छ होती. “तरी सांग.”

“आधी,” मी म्हटलं. “तुम्ही झोपायच्या आधीच गेलं.”

त्यांनी मान हलवली आणि डबा जवळ ओढला. तेव्हापासून मी डबा घेऊन गेले की त्या विचारतात, आणि मी सांगते.